किल्ल्या कुणाकडे आहेत?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे बाकीच्या वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल.

तुम्ही, तुमची बायको आणि आई, तिघं मिळून एक कौटुंबिक मालिका बघत होतात. थोरल्या सुनेनं घराच्या कागदांवर खोटी सही केली असा आळ येतो, सासरा सगळ्यांदेखत तिच्याकडून कपाटाच्या किल्ल्या काढून घेतो, ती माहेरी निघून जाते. सीझनच्या शेवटच्या भागात सही धाकट्या दिराची निघते. सासरा तिच्या माहेरी जातो, ‘झालं गेलं विसरून जा, पोरी’ म्हणतो, ती परत येते, सगळे एकत्र बसतात. शेवटच्या मिनिटाला बेल वाजते. दारात एक अनोळखी तरुणी, ‘मी या घरची मुलगी.’ आणि पडदा काळा. आईंच्या डोळ्यांत पाणी आलं, त्यांना शेवट आवडला. बायको तावातावानं उठून गेली. तुम्हाला त्या बेलचा राग आला. तिघांनी एकच भाग पाहिला तर प्रतिक्रिया तीन कशा, बरोबर कोण, आणि प्रेक्षकांच्या रागालोभानं लिहिणाऱ्यांना काही फरक पडतो का, असं तुम्ही विचारलंय.

मी बावीस वर्षं मालिका लिहिते आहे. कधी कथाविस्तार, कधी पटकथा, बहुतेकदा संवाद. चार मालिकांचे शेवटचे भाग माझ्या हातून गेले, त्यातले दोन साफ फसले. त्या अनुभवावर बोलते. तुमची मालिका मी पाहिलेली नाही, तुम्ही लिहिलंत तेवढंच माझ्यासमोर आहे.

तिघंही आपापल्या जागी बरोबर, असं म्हणून मला सुटता आलं असतं. पण लेखनाची चूक कुठं झाली असं विचाराल तर ती तुमच्या बायकोनं पकडली आहे. तुम्हाला खटकलेली बेल ही दुसरी चूक, आणि ती बरीच लहान.

कौटुंबिक मालिकेत मारामाऱ्या क्वचित होतात. इथला सगळा हिंसाचार बोलण्यातून होतो आणि तो बहुतेक वेळा चार माणसांदेखत होतो. म्हणून अपमानाचा प्रसंग आम्ही दिवाणखान्यात लिहितो. घरात सात माणसं असली तर सातही जणांना तिथं हजर करतो. दिग्दर्शक मग एकेकाची रिअ‍ॅक्शन घेतो. लोक त्याची टिंगल करतात, एक वाक्य बोलायचं आणि सात चेहरे दाखवायचे म्हणून, आणि भाग लांबवायला आम्ही ते वापरतो हेही खरं. पण त्या सात चेहऱ्यांचं प्रेक्षकाच्या मनात काय होतं हे मला फार उशिरा कळलं. तो साक्षीदार मोजत असतो. नणंद ओठ दाबून हसली. नवऱ्यानं मान खाली घातली. कामवाली दाराआडून बघत होती, म्हणजे उद्या गल्लीभर होणार. हे सगळं त्याच्या वहीत उतरतं आणि वर्षभर तिथंच राहतं.

माझ्या एका मालिकेत सासू सुनेचं नोकरीचं पत्र सगळ्यांसमोर फाडते, असा प्रसंग होता. मालिका त्यावर दीड वर्ष चालली. शेवटच्या भागात सासूनं माफी मागायची होती. तो प्रसंग मी स्वयंपाकघरात लिहिला. दोघीच, रात्रीची वेळ, ओट्यावरचा एक दिवा, सासू पाठमोरी उभी राहून बोलते. स्वतःवर खूश होते मी. किती संयत, किती हळवं, आरडाओरडा नाही. खरं कारण वेगळं होतं. दिवाणखान्याचा सेट अर्धा उतरवला होता, कारण त्याच फ्लोअरवर पुढच्या मालिकेचा सेट लागायचा होता. दोन कलाकारांच्या तारखा संपल्या होत्या. निर्मितीवाल्यानं विचारलं, ‘ताई, किचनचा कोपरा तेवढा शिल्लक आहे, जमेल का?’ मी म्हटलं, जमेल, उलट प्रसंग खासगी होईल. अडचणीलाच कलात्मकता म्हणायची सवय आमच्या धंद्यात सगळ्यांनाच लागते.

भाग लागला. सेटवरच्या लोकांनी डोळे पुसले. तीन-चार दिवसांनी निर्मात्याच्या कार्यालयात एक पोस्टकार्ड आलं. अक्षर थरथरतं, पेन्सिलीनं आखलेल्या रेघांवर लिहिलेलं. मजकूर दोनच ओळींचा: ‘पत्र सगळ्यांसमोर फाडलं. माफी मागताना सगळे कुठं गेले होते?’ खाली सही, बाकी काही नाही. ते कार्ड अजून माझ्याकडे आहे. बाईंनी सेट पाहिला नव्हता, तारखांची भानगड त्यांना ठाऊक नव्हती, पण पाणी नेमकं कुठं मुरतंय ते त्यांनी दाखवलं. अपमान दिवाणखान्यात आणि माफी स्वयंपाकघरात, हा हिशेब जुळत नाही. बाकीच्या पाच जणांच्या लेखी सून अजून तीच आहे, जिचं पत्र फाडलं तेव्हा कुणी हललं नव्हतं.

तुमच्या मालिकेत तर सासरा माहेरी गेला. वरवर मोठेपणा वाटतो, वडीलधारा माणूस स्वतः उठून आला. पण किल्ल्या काढून घेताना जे हजर होते त्यांतलं माहेरी कोण होतं?

आता ते वाक्य बघा: ‘झालं गेलं विसरून जा, पोरी.’ संवाद लिहिणारीच्या नजरेनं सांगते, यात करणारा कुणीच नाही. जे झालं ते आपोआप झालं, जे गेलं ते आपोआप गेलं, आणि विसरायचं काम मात्र तिच्याकडे. मराठीत माफीच्या पायऱ्या आहेत आणि त्या आपल्याला जन्मापासून कळतात. ‘झालं गेलं’ ही सगळ्यात खालची. ‘माझं चुकलं’ त्याच्या वर, पण तिथंही चुकणारं काहीतरी माझं आहे, मी स्वतः नाही. ‘मी चुकलो’ हे आणखी वर. आणि ‘मी तुझं ऐकूनसुद्धा घेतलं नाही, किल्ल्या काढून घेतल्या’ असं जो म्हणतो तो त्या दिवसावर, त्या कृतीवर बोट ठेवतो. प्रेक्षक या पायऱ्या व्याकरण म्हणून ओळखत नसेल. पण सासरा खालच्या पायरीवर थांबला, हे त्याला तिथल्या तिथं कळतं.

त्यात ‘पोरी’. वर्षभर हा माणूस तिला ‘सूनबाई’ म्हणत असणार, मी पैजेवर सांगते. ऐन वेळी ‘पोरी’ म्हटलं की समोरची निरुत्तर होते. एवढा मोठा माणूस मायेनं बोलतोय आणि तू हिशेब काढत बसणार? हा शब्द आम्ही अशाच वेळी वापरतो, प्रसंग उरकायचा असला की. तुमची बायको उठून गेली ती नुसती सासऱ्यावर चिडली नव्हती. आपल्याला गुंडाळलं जातंय हे तिच्या लक्षात आलं होतं.

मग तुमच्या आई का रडल्या? त्या भोळ्या आहेत किंवा जुन्या वळणाच्या आहेत, असा सोपा निष्कर्ष काढू नका. वयाशी याचा संबंध लोक समजतात तेवढा नसतो. ते पोस्टकार्डाचं अक्षर काही तरुण हाताचं नव्हतं. आम्ही लेखक मंडळी बसतो तेव्हा एक प्रश्न हमखास निघतो: प्रेक्षक कुणाच्या खांद्यावरून बघतोय? तुमची बायको सुनेच्या खांद्यावरून बघत होती. तिच्या लेखी गोष्ट होती ती सुनेवर झालेल्या अन्यायाची. आई बहुधा घराच्या बाजूनं बघत होत्या. त्यांची गोष्ट मोडलेल्या घराची होती, आणि जेवायच्या टेबलाभोवती सगळ्या खुर्च्या भरल्या तेव्हा ती पुरी झाली. दोघींना दोन वेगळ्या मालिका दिसल्या. एक संपली, दुसरी अर्धवट राहिली.

कुणाच्या खांद्यावरून बघायचं हे लेखक ठरवू शकत नाही. याचा आपल्याकडचा सगळ्यात मोठा दाखला पहिल्याच मोठ्या मालिकेत सापडतो. दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ रोजी ‘हम लोग’ सुरू झाली आणि १५६ भागांनंतर १७ डिसेंबर १९८५ रोजी संपली. लेखन मनोहर श्याम जोशींचं. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी मालिकांतून लोकशिक्षण करण्याची जी पद्धत बसवली होती, तिच्यावरून ही कल्पना आली. त्यातली आई, भागवंती, सगळं निमूट सोसणारी. असं सोसू नका, हे दाखवण्यासाठी ती पात्र म्हणून उभी केली होती. शिवाय प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार स्वतः पडद्यावर येऊन काय समजायचं ते सांगत. एवढं करूनही नंतरच्या पाहणीत असं दिसलं की बऱ्याच प्रेक्षकांनी भागवंतीलाच आदर्श मानलं. अशोककुमार समजावून सांगत असताना जिथं लोकांनी आपल्याला हवं तेच घेतलं, तिथं माझ्या स्वयंपाकघरातल्या मंद दिव्याची काय कथा.

त्याच मालिकेनं तुमच्या शेवटच्या प्रश्नाचंही उत्तर देऊन ठेवलंय. सुरुवातीच्या तेराएक भागांत कुटुंबनियोजनाचा उपदेश इतका होता की लोक कंटाळले. मग उपदेश कमी केला, घरातली भांडणं, प्रेमं, लग्नं वाढवली आणि मालिका चालली. पुढं सुमारे ४ लाख पत्रं दूरदर्शनकडे आली, नटनट्यांच्या नावावर आली ती वेगळीच. म्हणजे आपल्याकडे प्रेक्षकाच्या प्रतिक्रियेनं गोष्ट बदलणं हे मालिकांच्या जन्मापासून चालत आलं आहे. ‘क्योंकि सास भी कभी बहू थी’ जुलै २००० मध्ये सुरू झाली. २००१ मध्ये त्यातल्या मिहिरचा मृत्यू दाखवला तर एवढा गदारोळ झाला की त्याला परत आणावं लागलं. तिथं अडचण नव्हती, कारण मालिका रोजची होती आणि उद्याचा भाग अजून लिहायचा होता.

शेवटच्या भागाचं घोडं इथंच अडतं. प्रेक्षक सगळ्यात जास्त बोलतो तेव्हा दुरुस्तीची सोय नसते.

आता तुमची बेल. मराठी दैनंदिन मालिकेला मुळात सीझन नसतात. ‘रात्रीस खेळ चाले’सारखी २०१६, २०१९ आणि २०२१ अशी तीन पर्वं होणारी मालिका विरळा. बाकी मालिका चालतात तोवर चालतात आणि एक दिवस ‘निरोप घेतात’. त्यामुळे आम्हा लेखकांचा हात रोजच्या हुकवर, म्हणजे भागाच्या शेवटी उत्सुकता ताणून ठेवणाऱ्या क्षणावर, बसलेला असतो. त्यातही शनिवारचा हुक जरा मोठा, कारण मध्ये रविवार असतो. बेल वाजते, दार उघडतं, समोरच्याला बघून सासूच्या हातातलं ताट पडतं. सोमवारी उत्तर. या हिशेबात बेल चालते, माणूस दोन दिवस उत्सुकता सांभाळतो. हीच शनिवारची बेल उचलून सीझनच्या शेवटाला लावली की फसते. वर्षभर कुणी उत्सुकता सांभाळत नाही. आणि त्या तरुणीशी तुमचं नातं काय? काल तिचं नावसुद्धा कुणी घेतलं नव्हतं.

याउलट अमेरिकेतली ‘डॅलस’. टेक्सासमधल्या तेलवाल्या कुटुंबाची मालिका. २१ मार्च १९८० च्या सीझनअखेरीस घरातला खलनायक, जे. आर. युइंग, याच्यावर कुणीतरी गोळ्या झाडतं. कुणी, ते दाखवलं नाही. मध्ये कलाकारांचा संप झाल्यामुळे उत्तर लांबलं आणि २१ नोव्हेंबरला मिळालं. ते बघायला एकट्या अमेरिकेत ८ कोटींहून जास्त लोक बसले होते. आठ महिने लोक थांबले, चिडले नाहीत, पैजा लावत राहिले. का? कारण त्या माणसानं सीझनभर ज्याच्या त्याच्या वाटेत काटे पेरले होते. बायको, मेव्हणी, भाऊ, धंद्यातले शत्रू, प्रत्येकाकडे बंदूक उचलायला कारण होतं आणि ते प्रेक्षकानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. म्हणजे प्रश्न नवा असला तरी त्याचा सगळा माल आधीच घरात भरलेला होता. शेवटी ती मेव्हणी निघाली. तुमच्या मालिकेत बेल वाजवणारी जर ती सही करणाऱ्या दिराची पहिली बायको असती, आणि तिचा एखादा फोन सहाव्या-सातव्या भागात कुणीतरी घाईनं कापला असता, तर तुम्ही चिडला नसतात. तुम्ही मागचे भाग पुन्हा काढून बघितले असते.

याच ‘डॅलस’नं पुढं माती खाल्ली, तीही सांगितली पाहिजे. १९८५ मध्ये त्यांनी बॉबी नावाच्या आवडत्या भावाला मारलं. वर्षभर त्याच्याविना गोष्ट चालवली. मे १९८६ च्या सीझनअखेरीस त्याची बायको झोपेतून उठते तर बॉबी न्हाणीघरात जिवंत. पुढच्या सीझनमध्ये खुलासा असा की मधलं सगळं वर्ष तिचं स्वप्न होतं. प्रेक्षकाला हवा तो माणूस परत मिळाला, तरी आजही लोक त्याची थट्टा करतात. रागाचं कारण उघड आहे: तुम्ही वर्षभर जे रडलात, जे वाद घातलेत, ते झालंच नाही असं तुम्हाला सांगितलं गेलं. प्रेक्षकाला दुःख दिलं तर तो सोसतो. त्याचा वेळ खोटा ठरवला तर तो कायमचा लक्षात ठेवतो.

आता ‘एवढं काय मनाला लावून घ्यायचं, मालिकाच तर आहे’ या टोमण्याबद्दल. तुम्ही तो तुमच्या बायकोला मारला असेल असं मला तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. चूक असेल तर सोडून द्या. पडद्यावरच्या माणसाशी जुळणाऱ्या एकतर्फी नात्याबद्दल डॉनल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल यांनी १९५६ मध्येच लिहिलंय. पुढं ‘फ्रेंड्स’ ही अमेरिकन मालिका २००४ मध्ये संपल्यावर तिच्या प्रेक्षकांवर एक अभ्यास झाला, तो २००६ मध्ये छापून आला. त्यात मालिका संपल्याचं दुःख सगळ्यात जास्त कुणाला होतं, तर ज्याचं आवडत्या पात्राशी नातं घट्ट असतं त्याला, असं दिसलं. हे दुःख प्रत्यक्ष नातं तुटण्याएवढं नसतं, असंही त्यात आहे. तेव्हा काळजी नको. पण त्या अभ्यासाला एक गोष्ट मी माझ्याकडून जोडेन. कौटुंबिक मालिकेतलं पात्र नुसतं आवडतं म्हणून जवळचं होत नाही. त्याच्यावर जे बेततं ते कुणाकुणावर खरोखर बेतलेलं असतं. ज्या बाईनं घरात कधीतरी विनाकारण बोलणी खाल्ली आणि जिची माफी कुणी मागितली नाही, ती मालिकेतल्या सुनेला तरी माफी मिळते का हे बघत बसते. तिथंही ‘झालं गेलं’ ऐकू आलं की ती उठून जाते. तुमच्या बायकोचं तसं काही आहे असं मी म्हणत नाही. विचारून मात्र बघा.

तुम्ही इंटरनेटवरच्या संतापाबद्दलही विचारलंय. त्यातला पहिल्या रात्रीचा बराचसा राग भागावरचा नसतोच, तो प्रोमोवरचा असतो. प्रोमो लेखक बनवत नाही. वाहिनीची वेगळी माणसं तो कापतात, आणि त्यांचं काम लोकांना टीव्हीसमोर आणून बसवायचं. ‘आता होणार न्याय!’ असं लिहून सुनेचा करारी चेहरा दाखवला की तुम्ही न्याय बघायला बसता आणि मिळतो तो चहा. म्हणून मी पहिल्या दिवशीचं काही वाचत नाही. तीन-चार दिवसांनी वाचते. तोवर शिव्या देणारे दुसरीकडे गेलेले असतात आणि ज्यांना खरंच काही सलतंय तेवढे उरतात.

त्यातही मी दोन शब्द वेगळे काढते. ‘आवडलं नाही’ आणि ‘पटलं नाही’. रागात लोक कुठलाही शब्द वापरतात, पण पुढची ओळ वाचली की कळतं. आवडता माणूस मेला, आवडलं नाही. त्याला माझा इलाज नाही आणि तो करूही नये. ‘हा माणूस असं वागणारच नाही’ हे पटलं नाहीच्या जातीचं. ते वाचलं की झोप उडते, कारण बहुतेक वेळा बोलणाऱ्याचं खरं असतं. वर्षभर करारी दाखवलेली सून चार शब्दांत विरघळली, कारण सीझन संपायला सहा मिनिटं उरली होती. हे सहा मिनिटांचं कारण पात्राच्या पोटातून आलेलं नाही, घड्याळातून आलंय, आणि प्रेक्षकाला ते दिसतं.

फरक पडतो का? रोजच्या मालिकेत पडतो, पण तो प्रतिक्रियेपेक्षा आकड्यानं पडतो. कुठली मालिका किती लोक बघतात याचे आकडे २०१५ पासून बार्क ही संस्था काढते. देशभरात ५० हजारांहून जास्त घरांत मीटर आहेत. वाहिनीच्या आवाजात मिसळलेली, कानाला न कळणारी खूण ते मीटर ओळखतं, आणि घरातला जो जो टीव्ही बघत असेल त्यानं आपापलं बटण दाबायचं. गुरुवारी आकडे आले की आमच्याकडे कुणाचा चेहरा कसा आहे यावरून आठवडा कळतो. पण मीटरला एवढंच कळतं की माणूस समोर बसलाय. तो डोळे पुसतोय की दात-ओठ खातोय, मीटरला सारखंच. शेवटच्या भागाच्या आकड्याचं तर कुणाला फारसं सोयरसुतक नसतं. तो आकडा मालिकेच्या काय कामाचा? त्या वेळेला पुढं जी मालिका येणार तिची चिंता सुरू झालेली असते. तुम्ही शेवटचा भाग बघताना कोपऱ्यात नव्या मालिकेची जाहिरात सरकत असते, ती उगाच नाही.

सीझनवाल्या मालिकेचं थोडं वेगळं. दोन सीझनच्या मध्ये लेखक पुन्हा बसतात, आणि तेव्हा प्रतिक्रिया खरोखर वाचल्या जातात. ‘रायटरला हाकला’ ही ओळ वाचून कुणी काही करू शकत नाही, फार तर मी चहा जास्त पिते. ‘काहीही दाखवतात’ यावर लिहिता येत नाही. पण ‘किल्ल्या परत दिल्याच नाहीत’ अशी एक ओळ कुणी लिहिली तर ती बैठकीत मोठ्यानं वाचली जाते, कारण तिच्यातून प्रसंग निघतो. तेव्हा तुमच्या बायकोला लिहायचंच असेल तर प्रसंगावर बोट ठेवून लिहायला सांगा. आणि सासऱ्याचं काम करणाऱ्या नटाला किंवा धाकट्या दिराला जाऊन शिव्या घालू नका. तुम्ही घातल्या नसतील, पण तुम्ही दिलेल्या प्रतिक्रियांच्या नमुन्यात दोन तशा होत्या. नटाच्या हातात कागद येतो तो कधीकधी मेकअपच्या खुर्चीत बसल्यावर. एका नटीनं मला सांगितलं होतं, ‘तुम्ही लिहिता आणि भाजी घेताना बोलणी मी खाते.’ मी हसले होते. तिला हसू आलं नव्हतं.

तुम्ही विचारलेलं शेवटचं: पुढचा सीझन बघावा का? बायको नाही म्हणते, आई हो म्हणतात, आणि तुम्ही मध्ये अडकलात.

पहिला भाग बघा. त्या अनोळखी मुलीकडे लक्ष देऊ नका, तिच्यामागं सगळे धावतीलच, आणि लेखकालाही तुम्ही तेच करावं असं वाटत असेल. तुम्ही लिहिलंत की किल्ल्या सासऱ्यानं काढून घेतल्या. शेवटच्या भागात त्या सुनेला परत दिल्याचं तुमच्या वर्णनात कुठं नाही. तुमच्याकडून सांगायचं राहिलं असेल, पण बायकोचा राग बघता मला तसं वाटत नाही. पहिल्या भागात कपाट उघडायचा प्रसंग येईल, घरात पाहुणी आल्यावर येतोच. किल्ल्या सासऱ्याच्या खिशातून निघाल्या आणि सगळ्यांसमोर, दिराच्याही समोर, सुनेच्या हातात पडल्या, तर लिहिणाऱ्यानं तुमच्या बायकोचं म्हणणं ऐकलंय असं समजा आणि तिला हाक मारा. त्या सुनेच्या हातात आधीपासूनच असल्या, जणू कधी गेल्याच नव्हत्या, तर आईंना एकट्यानं बघू द्या.